इंजिने किती, इंजिन कोणाचे?

नाशिकजवळच्या ओझर येथे १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथेच बांधलेले पहिले ‘तेजस मार्क-१ए’ लढाऊ विमान संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्यासमोर झेपावले. १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) या कारखान्यातून पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० ही विमानेही बाहेर पडली. ही दोन्ही मिग आणि तेजस एका इंजिनाची, सुखोई दोन इंजिनांची. हवाई दलाने यांतले कोणते घ्यावे, हा वाद दिल्लीत वर्षानुवर्षे चालला आहे. ओझरने मात्र दोन्ही घडवली.

दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हा समज अर्धाच खरा. उड्डाण करताच पक्षी धडकून इंजिन बंद पडले, तर दुसरे इंजिन वैमानिकाला परत आणू शकते, यात शंका नाही. पण निफाड तालुक्याने जून २०१८ मध्ये वावी ठुशी येथे आणि जून २०२४ मध्ये शिरसगाव येथे दोन इंजिनांची सुखोई शेतात कोसळताना पाहिली. सुदैवाने दोन्ही वेळी वैमानिक बचावले. जॅग्वारची दोन इंजिने मिळूनही ताकदीला कमीच पडतात, ही तर जुनी तक्रार. ही इंजिने बदलण्याचा बेत खर्चापायी बारगळला. उलट एका इंजिनाच्या मिराज-२००० ने १९९९ मध्ये कारगिल गाजवले आणि २०१९ मध्ये बालाकोट गाठले.

दुसरी बाजू पैशाची. इंजिने दोन म्हटली की इंधन, सुटे भाग, तपासणी आणि तंत्रज्ञांचे तास सगळेच वाढते. मिग-२१ ने सप्टेंबर २०२५ मध्ये निरोप घेतल्यावर मंजूर ४२ स्क्वाड्रनांपैकी २९ उरल्या. हे खिंडार केवळ राफेल-सुखोईसारख्या दोन इंजिनांच्या विमानांनी बुजवणे तिजोरीला झेपणारे नाही. संख्या हलक्या, एका इंजिनाच्या विमानांनीच भरून निघेल. लांब पल्ल्याच्या आणि जड शस्त्रांच्या कामगिरीला दोन इंजिनांची विमाने हवीत.

समुद्रावर मात्र हिशेब बदलतो. उत्तनच्या किनाऱ्यावरून निघालेल्या मच्छीमार बोटीचे एकुलते इंजिन बंद पडले, तर दुसरी बोट दोर टाकून तिला ओढून आणते. पाण्यावर उडणाऱ्या विमानाला अशी सोय नाही, आणि विमानवाहू नौकेवर धावपट्टीही तोकडी. म्हणूनच नौदलाकडे दोन इंजिनांची मिग-२९के आहेत आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच्यासाठी २६ राफेल-मरीनचा करार झाला. तेजसची नौदल आवृत्ती २०१६ मध्येच वजनाच्या मानाने ताकद अपुरी म्हणून बाजूला पडली होती.

म्हणजे उत्तर कामगिरीनुसार ठरते. आपण ते धोरणाच्या हिंदोळ्यावर टांगले. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तेजसच्या जोडीला एका इंजिनाचेच आणखी एक परदेशी विमान भारतात बांधण्याचा विचार पुढे आला; एफ-१६ आणि ग्रिपेन स्पर्धेत उतरले. एप्रिल २०१८ मध्ये ११० विमानांसाठी नव्याने विचारणा झाली, तेव्हा एका इंजिनाची अट गळाली आणि सगळे पहिल्यापासून सुरू झाले.

या गोंधळात इंजिन कोणाचे, हा खरा प्रश्न मागे राहिला. तेजसचे एफ-४०४ इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे. ९९ इंजिनांचा करार २०२१ चा. पहिले हाती आले मार्च २०२५ मध्ये. मार्क-१ए चा पुरवठा मार्च २०२४ पासून व्हायचा होता, तो रखडण्यामागे हे एक मोठे कारण. स्वदेशी ‘कावेरी’ इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करावे लागले. इंजिन परक्याच्या मर्जीवर असेल, तर दोन इंजिनांच्या विमानाला दुप्पट वाट पाहावी लागणार.

दोन इंजिनांच्या स्वदेशी ‘अॅम्का’ लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रानसोबत इंजिन घडवण्याचे आता ठरले आहे. त्यात टर्बाइनची पाती ओतण्यापासून चाचणीपर्यंतचे ज्ञान इथे उतरले पाहिजे आणि आराखड्याची मालकी आपली असली पाहिजे. परक्या आराखड्यांवर विमाने बांधण्याचे समाधान ओझरने साठ वर्षे घेतले. कावेरीसारखी अर्ध्यावर साथ सोडायची नसेल, तर इंजिनासाठी वेगळा, अखंड निधी आणि संसदेला दरवर्षी हिशेब देणारी यंत्रणा सरकारने आताच जाहीर करावी. विमानाला एक इंजिन हवे की दोन, हे मग हवाई दलाने आपल्या गरजेप्रमाणे ठरवावे.