एका यंत्रात दोन बिऱ्हाडे

(द्वितीय वर्ष, कला)

‘लॅपटॉप अभ्यासाला घेतलाय का खेळायला?’ हा प्रश्न आमच्या घरी आठवड्यातून एकदा तरी निघतोच. विचारणाऱ्याचे काही चुकत नाही. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत, आई विड्या वळते. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आईचा भिशीचा नंबर लागला, तेव्हा त्या पैशातून हा वापरलेला लॅपटॉप घरी आला. त्यात किती हजार विड्या गेल्या याचा हिशेब मी कधी मांडला नाही. तेवढे धैर्य मला नाही. अशा यंत्रावर मी खेळ खेळतो आणि त्यासाठी त्यात दुसरी कार्यप्रणाली बसवली आहे, हे छापील कबूल करणे तसे धाडसाचेच. पण वाचक मित्रहो, मला नुसती कबुली द्यायची नाही. थोडे समर्थनही करायचे आहे.

कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ही यंत्राची कारभारीण. तिच्या हुकमाशिवाय कळफलक, पडदा, डिस्क यांपैकी कोणीच काम करीत नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये विंडोज १० ही कारभारीण होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिचा नियमित आधार थांबवला. अटी घालून एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, एवढेच. पुढची विंडोज ११ फुकट मिळते खरी. पण तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. माझे यंत्र त्या परीक्षेत नापास! चालते-बोलते यंत्र केवळ तारीख उलटली म्हणून म्हातारे ठरले. जाणकार मित्र म्हणाले, ‘नवा घे.’ सल्ला सोपा होता. आईची भिशी मात्र पुन्हा लगेच लागणार नव्हती.

तेव्हा लिनक्सचे नाव कानी आले. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि जगासमोर ठेवला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा संकल्प जाहीर केला होता. या दोन प्रवाहांच्या संगमातून अनेक प्रणाली जन्मल्या. त्यांपैकी लिनक्स मिंट मी निवडली, कारण तिचे हलके रूप ४ जीबी रॅमवर सुखाने नांदते. तिच्या २०२४ मध्ये आलेल्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुधारणा मिळायच्या आहेत. आणि किंमत? काही नाही. चोरून मिळवलेल्या प्रतीने लाजायचे कारण नाही; ती वाटण्यासाठीच केलेली आहे. गरिबाला ही गोष्ट फार मोठी वाटते.

पण फुकटाची विद्या मला फुकट पडली नाही. घरात पेनड्राइव्ह एकच, आणि त्यात अक्काच्या लग्नाचे फोटो. ते मी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतले, पेनड्राइव्ह पुसला आणि त्यावर मिंट चढवली. रात्री अकरा वाजता पडद्यावर प्रश्न आला : शेजारी बसवू, की सगळी डिस्क पुसून बसवू? इंग्रजी वाक्य अर्धवट वाचून मी नको तो पर्याय निवडला. पंधरा-वीस मिनिटांत विंडोज गेली, समाजशास्त्राचा प्रकल्प गेला आणि फोटोही गेले. आईने विचारले, ‘काय करायलास रे एवढ्या रात्री?’ मला उत्तर देता येईना. पुढे नातेवाइकांच्या मोबाईलमधून काही फोटो गोळा झाले. अक्काची पाठवणीची तसबीर मात्र नाहीच मिळाली. आई त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि तेच जास्त लागले.

म्हणून माझ्या वाटेने जाणाऱ्याला पहिली सूचना हीच : प्रत दुसरीकडे ठेवल्यावाचून हात लावू नका. यंत्राबरोबर आलेल्या मूळ परवान्यावर मित्राने विंडोज परत बसवून दिली. दुसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. विंडोजमध्येच राहून डिस्कचा तिचा भाग आकसून ६० जीबी जागा मोकळी केली. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद केले. ते चालू असले तर विंडोज पूर्ण झोपत नाही आणि तिच्या खोलीत पाऊल टाकणे शेजारणीला धोक्याचे होते. मग ‘शेजारी बसवा’ हा पर्याय निवडला, तोही तीनदा वाचून. आता यंत्र सुरू होताच ग्रब नावाचा दारवान विचारतो, कोणत्या घरी जायचे? दोन्ही बिऱ्हाडांचे एकदाच भांडण झाले, घड्याळावरून. मिंट यंत्राचे घड्याळ जागतिक वेळेवर लावी आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजे. त्यामुळे तिच्याकडे साडेपाच तास मागचीच वेळ दिसे. मिंटला एक आज्ञा दिली आणि तंटा मिटला.

या दुसऱ्या घरी मी खेळतो. ‘सुपरटक्सकार्ट’ या गाड्यांच्या शर्यतीत एकाच कळफलकावर मी आणि धाकटा भाऊ दोघे बसतो. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा २००३ पासून चालत आलेला डावपेचांचा खेळ मी एकटा खेळतो. त्यात घाई नसते; बुद्धिबळासारखी एकेक खेळी विचारून करायची. कथा इंग्रजीत चालते. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्याला इंग्रजी उतारा पाहिला की घाम फुटायचा. पण सैन्याचे पुढे काय झाले हे कळावे म्हणून मी शब्दकोश उघडून पानेच्या पाने वाचली. ज्या अर्धवट वाचनाने अक्काचे फोटो गेले, ते वाचन मला या खेळाने पुरे करायला शिकवले.

सगळेच गोड नाही. प्रोटॉन या साधनामुळे २०१८ पासून विंडोजचे पुष्कळ खेळ लिनक्सवर चालतात. परंतु ‘व्हॅलोरंट’सारखे काही ऑनलाइन खेळ लबाडी पकडणाऱ्या पहारेकऱ्यामुळे चालत नाहीत. जड खेळ माझ्या यंत्राला कोणत्याच घरी झेपत नाहीत. जुन्या धाटणीच्या मराठी फॉन्टांतली टिपणे उघडायला विंडोजच बरी पडते. म्हणूनच मी एकीला हाकलून दुसरीला आणले नाही. शिवाय खेळाचे घर वेगळे असल्याचा एक फायदा असा, की तिकडे जायचे तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. तेवढ्या दोन मिनिटांत ‘आज ट्यूटोरियल द्यायचे आहे’ हे आठवते!

एकदा वडील पाठीशी उभे राहून हा प्रकार बघत होते. मी म्हटले, यंत्र एकच, पण आतला कारभार बदलतो. ते म्हणाले, ‘मग त्यात नवं काय? माग तोच असतोय, जॅकार्डचे पत्ते बदलले की फुलं बदलतात.’ मी चाट पडलो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डने भोके पाडलेल्या पत्त्यांवर माग चालवला आणि त्याच पत्त्यांची कल्पना पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली, हे मी नुकतेच वाचले होते. वडिलांनी ते वाचले नव्हते. त्यांच्या हाताला ते ठाऊक होते. उपमा तंतोतंत नसेल, पण संगणक ही आपल्या घराण्यात कोणालाच न कळणारी वस्तू आहे, हा माझा न्यूनगंड त्या दिवशी गेला.

लहानपणी आम्हाला खेळ म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतला गड्डा. वर्षातून एकदा, मुठीत दहा रुपये घेऊन. पैसे संपले की घरी. गरिबाच्या मुलाने खेळणे म्हणजे उधळपट्टी, ही समजूत तिथपासून मनात रुतलेली. मला ती आता मान्य नाही. खेळाचे व्यसन वाईटच. पण मोजके खेळणे हा कष्टकऱ्याच्या घराचाही हक्क आहे, आणि आहे त्या यंत्रात तो मिळत असेल तर नव्यासाठी कर्ज का काढावे?

सांगायचे तात्पर्य, आपल्या कॉलेजात अशी एखादी जुनी यंत्रे पडून असतील तर दोन आम्हा कला शाखेच्या मुलांच्या हाती द्यावीत. आम्ही ती बिघडवू, पुन्हा बसवू आणि शिकू. ‘हे विज्ञानवाल्यांचे काम’ असे म्हणून दार लावू नये. पहिल्या तासाला काय शिकवायचे ते मी सांगेन : आधी फोटोंची प्रत काढा.