चित्रकाराचें नांव कोठें?

गेल्या पंचवीस वर्षांत मासिकांतून मीं जीं पुस्तकपरीक्षणें लिहिलीं, त्यांच्या कात्रणांची वही नुकतीच पुन्हां चाळली. आपलेंच जुनें लेखन वाचण्याइतकें लाजिरवाणें काम दुसरें नाहीं, हें लिहिणारे सर्वच जाणतात. परंतु ह्या खेपेस लाज वाटली ती निराळ्या कारणानें. त्या परीक्षणांत कागदाविषयीं तक्रार आहे, मुद्रणदोषांची यादी आहे, किंमत मध्यमवर्गाच्या आवांक्याबाहेर गेल्याचा विषाद आहे, बांधणी सुटल्याचा रागहि आहे. चित्रांविषयीं मात्र 'मुखपृष्ठ आकर्षक आहे', 'रेखाटनें समर्पक आहेत', 'सजावट विषयास शोभणारी आहे' ह्यापलीकडे एक अक्षर नाहीं. तीं कोणीं काढलीं ह्याचा उल्लेख साऱ्या वहींत मिळून तीन वेळां सांपडला. जणूं कांहीं पावसाळ्यांत भूछत्रें उगवावीं त्याप्रमाणें तीं पुस्तकांच्या पानांवर आपोआप उगवलीं होतीं!

वही चाळण्यास निमित्त झालें तें एका परिसंवादाचें. विषय होता ग्रंथव्यवहार. पुस्तकाच्या खपांत चित्रकारास वांटा असावा काय, असा प्रश्न श्रोत्यांतून आला, तेव्हां व्यासपीठावरील एका प्रकाशकांनीं उत्तर दिलें, “पुस्तक लेखकाच्या नांवावर खपतें. चित्रकाराचे पैसे एकदां चुकते केले कीं व्यवहार संपला. खुर्चीवर सुताराचें नांव कोणी कोरतो काय?” सभेंत हंशा पिकला. मीहि हंसलों. माझ्या शेजारीं माझी एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. इंग्रजी घेऊन बी. ए. झाल्यावर ती चित्रकलेकडे वळली, आणि गेलीं अठरा वर्षें कोणाची नोकरी न करतां पुस्तकांचीं व मासिकांचीं चित्रें काढून संसार चालवीत आहे. ती हंसली नाहीं. बाहेर पडतांना तिनें एवढेंच विचारलें, “सर, तुमच्या निबंधसंग्रहाचें मुखपृष्ठ कोणाचें हो?” मला सांगतां आलें नाहीं. घरीं येऊन पुस्तक उघडलें. अक्षरजुळणी करणाराचें नांव आहे, छापखान्याचा पत्ता आहे, माझ्या तीन पदव्या आहेत. चित्रकाराचें नांव नाहीं. आणि पुस्तक हातीं आलें त्या दिवशीं तें नाहीं हें माझ्या लक्षांतहि आलें नव्हतें.

सुताराची ही उपमा मोठी सोयीची आहे, म्हणूनच ती तपासून पाहिली पाहिजे. सुतार दुसरी खुर्ची करतो तेव्हां त्याला दुसऱ्यांदा मजुरी मिळते. चित्रकाराची खुर्ची मात्र एकदां विकत घेतली कीं तिला पिलें होऊं लागतात. पहिल्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीवर तेंच चित्र, पांचव्या आवृत्तीवर तेंच, जाहिरातींत तेंच, संमेलनांतल्या विक्रीदालनाच्या फलकावर तेंच, कापडी पिशवीवर तेंच, आणि आतां पडद्यावर वाचावयाच्या पुस्तकावरहि तेंच. लेखकाला प्रत्येक प्रतीमागें वांटा देणें न्याय्य कां? तर एकाच श्रमाची पुनःपुन्हां विक्री होते म्हणून. मग त्याच प्रतीवरील चित्राला तो न्याय कां लागूं नये, ह्याचें उत्तर हंशानें देतां येत नाहीं.

चित्रकाराचा दिवस कसा जातो, हें आपणां लेखकांस ठाऊक नसतें. मीं तें तिच्याकडून विचारून घेतलें. ह्या लोकांचें वर्ष चैत्रांत नव्हे, आषाढांत सुरू होतें. दिवाळी अंकांचे संपादक त्या सुमारास फोन करूं लागतात. कथा मात्र श्रावण सरतां सरतां हातीं पडतात, निम्म्या तर गणपतींत येतात, आणि चित्र 'परवांपर्यंत' हवें असतें. भाद्रपदांत ती रोज चवदा तास मेजाशीं असते. मार्गशीर्ष लागला कीं दोन दोन महिने कोणी विचारीत नाहीं. कथा ती दोनदां वाचते. पहिल्यांदा गोष्टीसाठीं, दुसऱ्यांदा चित्रांत काय दाखवावयाचें नाहीं हें ठरविण्यासाठीं; कारण शेवटच्या पानावरचें रहस्य पहिल्या पानावरच्या चित्रानें फोडलें तर लेखक जन्माचा वैरी होतो. एका कथेंत १९७५ सालच्या एस. टी. च्या प्रवासाचा प्रसंग होता. 'कंडक्टरनें तिकीट फाडलें', एवढे तीन शब्द लिहून लेखक मोकळा झाला. चित्रकारास तसें मोकळें होतां येत नाहीं. तिकिटांच्या रंगीत गठ्ठ्यांची ती पत्र्याची पेटी कशी धरीत, पट्टा कोणत्या खांद्यावर असे, तिकिटाला भोंक पाडण्याचा चिमटा कोणत्या बोटांत असे, हें सारें माहीत असावें लागतें. आणि आजच्या कंडक्टरच्या हातीं तर तिकीट छापणारें यंत्र आहे. तिनें एका निवृत्त कंडक्टरांचा पत्ता काढला, दुपारभर त्यांच्याकडे बसून पेटी रेखाटून आणली. चित्र अर्ध्या पानाचें. मोबदला ठरल्याप्रमाणें, म्हणजे पेटी डोळ्यांनीं न पाहतां काढलें असतें तर जेवढा मिळाला असता तेवढाच.

मुखपृष्ठाचे तीन नमुने दाखवावयाचे असतात. त्यांतल्या एकाचे पैसे मिळतात, उरलेले दोन कोणाच्या खिजगणतींतहि नसतात. पुढें सूचना येतात. 'नायिका जरा उजळ करा.' कथेंतली नायिका सावळी आहे, असें सांगितलें तर, 'अहो, अंक खपायला हवा ना!' पूर्वीं कागदावर शाईनें काम होई, तेव्हां बदल सांगतांना संपादकांची जीभ थोडी तरी अडखळे. आतां ती कांचेच्या पाटीवर विजेच्या लेखणीनें काढते, म्हणून बदल करणें म्हणजे एक कळ दाबणें, अशी सर्वांची समजूत झाली आहे. पैसे पौषांत येतात, कधीं फाल्गुनांत. एका ठिकाणाहून नुसता अंक आला, वर 'सप्रेम भेट' असा शिक्का मारून. मधल्या महिन्यांत ती लग्नपत्रिका करते आणि शनिवारीं सोसायटींतल्या मुलांना चित्रकला शिकविते. पहांटे पांच ते सात ह्या वेळांत मात्र ती कोणीं न सांगितलेलें काम करते: मंडईंत भाजी विकणाऱ्या बायकांचे हात. मेथीची जुडी बांधणारे, सुटे पैसे मोजणारे, दुपारीं मांडीवर स्वस्थ पडलेले. सहा वर्षांत चारशेंच्या वर हात झाले आहेत. ते एका प्रकाशकांना दाखविले असतां त्यांनीं चाळून मनापासून कौतुक केलें, आणि विचारलें, “पण मजकूर कोणाचा?”

'प्रथा पहिल्यापासून अशीच आहे,' हा दुसरा युक्तिवाद. ती तशी मुळींच नाहीं. सी. ए. किंकेड ह्यांनीं आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजींत नेल्या, त्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' ह्या १९१४ सालच्या पुस्तकाच्या नामपृष्ठावर लेखकाच्या नांवाखालीं चित्रकार म्हणून म. वि. धुरंधरांचें नांव छापलेलें आहे. कहाण्या आपल्या, चित्रकार आपला. नामपृष्ठावर त्याला जागा देण्याची बुद्धि मात्र विलायती प्रकाशकाला झाली! लुइस कॅरोलच्या 'ॲलिस' ची हकीकत तर ह्याहून बोधप्रद आहे. १८६५ सालीं तिच्या दोन हजार प्रती छापून झाल्या होत्या. चित्रांची छपाई नीट उतरली नाहीं, असें चित्रकार जॉन टेनिएल ह्यानें कळवितांच कॅरोलनें ती आवृत्ति मागें घेतली आणि पुस्तक नव्यानें छापविलें. आमच्यापैकीं कोणता लेखक चित्रकाराच्या नापसंतीखातर एक पान तरी बदलील? 'विनी द पू' चा कर्ता मिल्न ह्यानें १९२६ सालीं अर्नेस्ट शेपर्डला आपल्या रॉयल्टींतला हिस्सा दिला, कारण त्या अस्वलाला रूप कोणीं दिलें हें तो जाणत होता. त्या पुस्तकांतील एक नकाशा २०१८ सालीं लंडनच्या लिलांवांत चार लाख तीस हजार पौंडांस गेला. आमच्याकडे मूळ चित्रें छापखान्याच्या माळ्यावर पडतात आणि जागा बदलतांना रद्दींत जातात.

आमच्याकडे थोर चित्रकार झाले नाहींत काय? झाले, पण ते ह्या व्यवस्थेमुळें झाले नाहींत, तिला वळसा घालून झाले. दीनानाथ दलाल ह्यांनीं १९४५ सालीं 'दीपावली' हा स्वतःचाच अंक काढला, म्हणजे चित्रकारानें मालकाचीच खुर्ची घेतली. वसंत सरवटे (१९२७–२०१६) हे पोटासाठीं सिमेंटच्या एका कंपनींत अभियंते होते. जयवंत दळव्यांचा ठणठणपाळ म्हटला कीं डोळ्यांपुढें जी मूर्ति उभी राहते ती सरवट्यांच्या रेषेंतली. त्या रेषेला घरभाडें भरण्याची चिंता नव्हती, म्हणून ती इतकी मोकळी फिरली असेल. पण ज्याचा अंक नाहीं आणि ज्याला कंपनीचा पगार नाहीं, त्यानें काय करावें?

'व्यवहार संपला' ह्या वाक्यामागें, प्रकाशकांच्या नकळत कां होईना, कायदा उभा आहे, म्हणून त्याकडेहि पाहिलें पाहिजे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणें कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. परंतु लगेच अपवाद येतात. त्यांतल्या एकाप्रमाणें, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राचा वा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, सांगणारा ठरतो. आतां लेखकाची स्थिति पहा. प्रकाशकानें आगाऊ पैसे देऊन कादंबरी लिहावयास सांगितली तरी हक्क लेखकाचाच. तो घ्यावयाचा तर सहीनिशीं लेखी करार हवा, आणि करारांत मुदत घातली नसेल तर ती पांच वर्षांचीच समजली जाते. येणेंप्रमाणें लेखक गप्प राहिला तर पांच वर्षांनीं सुटतो. चित्रकार गप्प राहिला तर त्याचें चित्र कायमचें गेलें. १९९४ च्या दुरुस्तीनें दहा हजारांहून अधिक किमतीस पुन्हां विकल्या जाणाऱ्या मूळ चित्राच्या किमतींत कर्त्याला हिस्सा मिळाला, पण तोहि कर्ता हक्काचा पहिला मालक असेल तरच. म्हणजे ज्याचें पहिलें गेलें त्याचें दुसरेंहि गेलें.

हा अपवाद आम्ही इंग्रजांकडून घेतला. त्यांच्या १९११ च्या कायद्यांत तो कोरीवचित्र, छायाचित्र आणि व्यक्तिचित्र एवढ्यांपुरताच होता. स्वतंत्र भारतानें त्यांत सारें रंगचित्रण घालून तो वाढविला. इंग्लंडानें १९८८ सालीं तो पार काढून टाकला. आम्ही उष्टें जपून ठेवलें आहे. गंमत अशी कीं त्या पोटकलमांत 'रेखाटन' हा शब्दच नाहीं, वस्तुतः कायद्याच्या व्याख्येंत रेखाटन आणि रंगचित्र हीं दोन निराळीं सांगितलीं आहेत. तेव्हां शब्दास धरून चालावयाचें तर आंतलीं काळ्या शाईचीं चित्रें चित्रकाराचीच राहतात, असें निदान म्हणतां तरी येतें. कित्येक प्रकाशक तीं खुशाल नव्या आवृत्तींत छापतात. आणि नांवाविषयीं तर शंकेला जागाच नाहीं. सत्तावनाव्या कलमाप्रमाणें हक्क विकल्यावरहि कर्तृत्व सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. चित्रपटांच्या गीतकारांनीं व संगीतकारांनीं एकजूट केली, तेव्हां २०१२ सालीं संसदेनें त्यांचा रॉयल्टीचा हक्क कोणाला लिहून घेतां येऊं नये अशी तजवीज केली. त्यांच्यामागें गाजलेलीं नांवें होतीं. ज्यांचें नांवच छापलें जात नाहीं, त्यांनीं गाजावें कोठें?

मराठी पुस्तकांचा खप थोडा, प्रकाशकाला परवडावें कसें, हा आक्षेप मात्र मीं हंसण्यावारीं नेणार नाहीं. अनेक पुस्तकांच्या हजार प्रती खपावयास वर्षें लागतात, हें माझ्या स्वतःच्या पुस्तकानें मला चांगलें शिकविलें आहे. पहिल्या आवृत्तीवर ठराविक रक्कम द्यावी, वांटा दुसरीपासून द्यावा. ज्या पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघते त्यानें कोणाचें दिवाळें काढलेलें नसतें. मूळ चित्र परत पाठवावयास टपालखर्च लागतो. नांवाला तर शाईचे दोन थेंब पुरतात, आणि तेवढीहि शाई आजवर निघाली नाहीं, तिचा पुस्तकाच्या खपाशीं काय संबंध?

आतां म्हणे यंत्रच चित्रें काढील. काढीत आहेच. आपलीं चित्रें विनापरवाना घेऊन हीं यंत्रें शिकविलीं गेलीं, अशी तक्रार घेऊन तीन चित्रकार २०२३ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील न्यायालयांत गेले. आमच्या मासिकांचीं कांहीं मुखपृष्ठें अशीं आलीं आहेत कीं त्यांतल्या पणती धरणाऱ्या हातांचीं बोटें मोजूं नयेत. वाचकांनीं त्याविषयीं ओरड केलेली नाहीं. कशी करतील? पन्नास वर्षें ज्यांना चित्राखालीं माणसाचें नांव दाखविलेंच नाहीं, त्यांना तेथून माणूस गेल्याचें कळावें कशावरून?

माझ्या निबंधसंग्रहाची दुसरी आवृत्ति यंदां निघत आहे. मुखपृष्ठ तेंच राहणार आहे. चित्रकाराचें नांव घालावें आणि त्याला मोबदला पोंचवावा, असें मीं प्रकाशकांस लिहिलें; जुनी फाईल मिळत नाहीं, असें उत्तर आलें. भिंग घेऊन पाहिलें तेव्हां उजव्या कोपऱ्यांत सही दिसली. कडा कापतांना तिचा निम्मा भाग गेला आहे. आधीं 'श', मग काना किंवा दुसऱ्या अक्षराचा दांडा, आणि खालीं एक आडवी रेघ, एवढें उरलें आहे. चित्र जांभळ्या रंगाचें असून त्यांत एक उघडी छत्री पालथी पडलेली आहे. वाचकांपैकीं कोणास हा हात ओळखतां आल्यास त्यांनीं संपादकांच्या पत्त्यावर कळविण्याची कृपा करावी.