लिहिणाऱ्याची जागा

या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा तो कुठे बसून लिहावा हा प्रश्न मला पडला नाही. २५ वर्षांपूर्वी तो नक्कीच पडला असता. स्वारगेटच्या एस.टी. स्थानकामागे आमचे दोन खोल्यांचे घर होते. आई-वडील, आम्ही दोघे आणि दोन मुले. इतिहासात एम.ए. झाल्यावर महार वतनाच्या प्रश्नावर संशोधन करावे, अशी फार इच्छा होती. रात्री जेवणे उरकली की पत्नीचे शिलाई मशीन मिटवून त्यावर फळी टाकायची, खाटेखालची ट्रंक ओढून टिपणे काढायची आणि ती क्रमाने मांडायची. मांडामांडीतच अर्धा तास जाई. पहाटे फळी उचलावी लागे, कारण गिऱ्हाइकांचे ब्लाऊज शिवून द्यायचे असत. तीन वर्षांत ४० पाने झाली. पुढे ट्रंक उघडलीच नाही. यात माझ्या आळसाचाही वाटा आहे, पण सगळा दोष आळसाचा नाही.

वाचण्याची जागा वाटून घेता येते, लिहिण्याची येत नाही, हे मला तेव्हा उमगले नव्हते. परीक्षेचा अभ्यास करणारा पुस्तक मिटून उठतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाकावर बसतो. त्याचे काही बिघडत नाही. प्रबंध लिहिणाऱ्याचे तसे नसते. अर्धवट सोडलेले वाक्य, उघडी ठेवलेली तीन पुस्तके, कुठला पुरावा कुठे जोडायचा याच्या चिठ्ठ्या, हे सारे रात्रभर जिथल्या तिथे राहिले, तरच सकाळी विचार पुढे सरकतो. ते आवरले की विचारही आवरला जातो.

आपल्या समाजाने अभ्यासिका पुष्कळ उभारल्या. विहारांत, समाजमंदिरांत, पुण्याच्या पेठापेठांत त्या भरलेल्या दिसतात. खेड्यातून स्वारगेटला उतरणारा मुलगा आधी कॉट शोधतो आणि मग अभ्यासिकेतली खुर्ची. त्या खुर्च्यांनी अनेक अधिकारी घडवले, याचा मला अभिमान आहे. परंतु आता त्याच घरांतील मुले-मुली पीएच.डी.ला नोंदणी करू लागली आहेत. बार्टीची अधिछात्रवृत्ती मिळते, मार्गदर्शक मिळतो. जागा मात्र अजून परीक्षार्थीचीच आहे, कोपराएवढी आणि रात्री रिकामी करून द्यायची.

यामागे आपली एक समजूत आहे, आणि तिच्याबद्दल मला थोडे कडक बोलायचे आहे. हालअपेष्टा सोसून केलेला अभ्यास तोच खरा अभ्यास, असे आपण मुलांच्या मनावर ठसवले. १४ एप्रिलला सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. परळच्या चाळीतली एकच खोली आणि पहाटे दोनला मुलाला उठवणारे रामजी सुभेदार यांची गोष्ट मी स्वतः शेकडो वेळा सांगितली आहे. दरवर्षी मुलांना गंज पेठेतील फुले वाड्यात नेतो. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिले, हे तिथे सांगताना माझा आवाज आजही कापतो.

या गोष्टी खऱ्याच आहेत, पण बाबासाहेबांची गोष्ट तिथे संपत नाही. १९१७ साली बडोद्यात त्यांना राहायला साधी खोली मिळाली नाही आणि नोकरी सोडून परतावे लागले. १९२० नंतर लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तिथे बसत. आणि हाती चार पैसे येताच, १९३० च्या दशकाच्या आरंभी, दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधले ते पुस्तकांसाठी. त्याला नाव दिले मगधाच्या प्राचीन राजधानीचे, ‘राजगृह’. चाळीतल्या हालांचे त्यांना कौतुक असते, तर ते चाळीतच राहिले असते. हजारो ग्रंथांच्या मधोमध बसून लिहिण्यात त्यांना आनंद होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीच्या अलीपूर रोडवरच्या घरी, त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेची टंकलिखित प्रत उशाशी मागवून घेतली होती. आपण मुलांना परळची खोली दाखवतो. राजगृह दाखवायचे राहून जाते.

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आज तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवते आणि प्रबंधही लिहिते. गेल्या वर्षी तिच्या घरी गेलो, तेव्हा ती रात्री अकरानंतर स्वयंपाकाच्या ओट्यावर लिहीत असल्याचे कळले. मुदत संपत आली होती. मी तिच्या सासऱ्यांशी बोललो. बैठकीच्या खोलीत कपबश्यांनी भरलेले मोठे शोकेस होते. त्यांनी बराच वेळ ते न्याहाळले आणि म्हणाले, “सर, एवढ्यात कप कोणी बाहेर काढलाच नाही.” पुढच्या रविवारी शोकेस गेले. तिथे साडेतीन फुटांचे टेबल आले, डावीकडे दिवा, खिडकीत तुळशीऐवजी तिने आवडीने लावलेले मनीप्लांट. घराचा नियम एकच : त्या टेबलावरचा कागद कोणी उचलायचा नाही. नातवालाही तो पाठ झाला आहे. तिची दोन प्रकरणे पुरी झाली.

(घरी येऊन हे सांगितले, तेव्हा पत्नी म्हणाली, “मशीनवर फळी तुमची पडायची, माझे बी.ए.चे शेवटचे वर्ष कुठे ठेवायचे होते?” मला उत्तर देता आले नाही.)

वसतिगृहात राहिलेल्यांना आपली ट्रंक आठवत असेल. ती मांडीवर घेऊन पत्र लिहायचे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बाबासाहेबांचे चित्र, आईचा फोटो, एखाद्या क्रिकेटपटूचे कात्रण. नियमांच्या त्या दिवसांत तेवढी दीड फूट जागा आपली होती, आणि तिला सजवायला कोणी शिकवले नव्हते.

शाळेच्या नव्या इमारतीत ग्रंथालयासाठी वरचा मजला राखला आहे, असे कळते. तिथे संशोधन करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी चार टेबले वेगळी ठेवावीत, प्रत्येकाला कुलपाचा खण द्यावा, आणि संध्याकाळी झाडणाऱ्या मावशींना त्यावरचे कागद हलवू नयेत असे सांगावे, अशी विनंती मी विश्वस्त मंडळाला लेखी केली आहे. पहिल्या टेबलाचा खर्च मी देईन. माझी ट्रंक अजून घरी आहे. एक टेबल रिकामे राहिलेच, तर ती घेऊन मी येईन.