कुकरची रिंग, मोंटेव्हिदेओ आणि आमचं शेत

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका पोराने मला कॅन्टीनमध्ये गाठलं. वय चोवीस-पंचवीस, पहिलंच ऑनसाइट, आणि तेही थेट उरुग्वेला, मोंटेव्हिदेओमध्ये. मी तिथे राहून आलोय हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. मोबाइलमध्ये प्रश्न लिहून आणले होते. तूरडाळ किती किलो नेऊ? इंडियन ग्रोसरी मिळते का? कुकर चालतो का तिथल्या शेगडीवर? आपली माणसं कुठल्या भागात राहतात? सात प्रश्न. शहर कसं आहे, हा प्रश्न यादीत नव्हता.

मी हसलो नाही. २००८ साली माझी यादी याहून लांब होती.

तर मंडळी, आजचा शनिवार या यादीच्या विरोधात.

आधी थोडी माहिती. मराठी इंजिनिअर म्हटला की बे एरिया, न्यू जर्सी नाहीतर लंडन, असं आपण धरून चालतो. पण टीसीएसने २००२ सालीच मोंटेव्हिदेओत केंद्र उघडलं होतं आणि तेव्हापासून आपल्याकडची माणसं तिथे जात-येत आहेत. मी एका क्लायंटसाठी अकरा महिने होतो. देश केवढा? लोकसंख्या जेमतेम पस्तीस लाख, आणि गुरं माणसांच्या तिपटीहून जास्त. म्हणजे जेवणाच्या ताटात काय येणार ते आलंच लक्षात.

पहिले आठ महिने मी काय केलं? फ्लॅट ते ऑफिस, ऑफिस ते फ्लॅट. रात्री आम्ही चौघं जण कुकर लावायचो आणि रडायचो. इथे मसाला नाही, इथे तिखट नाही, इथले लोक रात्री दहाला जेवतात, इंग्रजी कुणाला येत नाही. मी गडबचा. पेण सोडून नागोठण्याकडे निघालात की हायवेवर लागतं ते गडब. त्यामुळे माझं रडगाणं थोडं वेगळं: तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, थंडीतली पोपटी. भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा वास मी त्या तिघांना इतक्यांदा सांगितला की शेवटी त्यांनी हात जोडले.

मग एका शनिवारी कुकरची रिंग गेली.

हसू नका. आमच्या घराचा सर्व्हर डाऊन झाल्यासारखं झालं. कुणीतरी म्हणालं, रविवारी त्रिस्तान नारवाहा नावाच्या रस्त्यावर बाजार भरतो, तिथे वाट्टेल ते मिळतं. म्हणून मी गेलो. रिंग मिळाली नाही. पण बाजार मिळाला. जुन्या किल्ल्या, फाटकी पुस्तकं, पिंजऱ्यातले पक्षी, रेडिओचे सुटे भाग, आणि भाजीची रांगच्या रांग. पेणच्या बाजारात आईच्या मागे पिशवी धरून फिरल्यासारखं वाटलं. काखेत थर्मास, हातात मातेचा भोपळा आणि त्यात धातूची नळी, अशा थाटात माणसं आरामात भाव करत होती.

एका भाजीवालीकडे शेंगदाणे होते, बटाटे होते आणि शेजारी मातकट सालीचं एक लांबडं मूळ. मान्दिओका म्हणाली. घरी येऊन शोधलं तर तो कसावा, म्हणजे आपल्या साबुदाण्याचा बाप! इथे माझी विकेट पडली. आपली एकादशीची खिचडी घ्या. कसावा मूळचा ब्राझीलच्या बाजूचा. बटाटा अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरची अमेरिका खंडातलीच. यातलं बरंच पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलं, आणि ते पोर्तुगीज आमच्या गडबपासून फार लांब नव्हते. चौलला त्यांनी १५२१ मध्येच बस्तान मांडलं होतं. कसाव्याच्या साबुदाण्याचा धंदा तर तमिळनाडूत सेलमच्या आसपास उभा राहिला तो १९४०च्या दशकात. म्हणजे ‘इथे आपलं काही मिळत नाही’ असं मी ज्या खंडात रडत होतो, तिथूनच माझी उपासाची थाळी आली होती. खिचडीतलं तूप, जिरं आणि मीठ काय ते आपलं.

मग चटक लागली. कोपऱ्यावरच्या पिझ्झाच्या दुकानात फाइना नावाचा प्रकार मिळतो. मी आठ महिने त्यावरून जात होतो. हरभऱ्याच्या पिठाचा, भट्टीत भाजलेला जाड पोळा, वरून मिरपूड. अहो, बेसन ते! जिनोव्हाच्या बाजूने आलेल्या इटालियन लोकांनी आणलेलं. पाऊस पडला की तिथे तोर्ता फ्रिता तळतात, आपण कांदाभजी तळतो तशी (शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं, बऱ्याचदा चरबीत तळतात). दर महिन्याच्या २९ तारखेला बटाट्याची न्योकी खायची आणि ताटाखाली पैसे ठेवायचे. पगार संपत आलेला असतो ना! महिनाअखेर कुणाला चुकलीय?

रविवारी संध्याकाळी बार्रिओ सुर भागात कांदोंबेचे ढोल निघतात. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी टिकवलेले. युनेस्कोने २००९ मध्ये त्यांना यादीत घेतलं. मी त्याच्या आदल्या वर्षी बघितले ते शेकोटीवर कातडं तापवून ताणताना. वीस किलोमीटरहून लांब रांब्ला, समुद्रासारखी नदी, आणि माझ्याकडे उरले होते तीन महिने. च्यायला, आठ महिने मी कुकरपुढे बसून घालवले.

आता तुम्ही म्हणाल, घराची आठवण येणं हा काय गुन्हा आहे का? अजिबात नाही. शाकाहारी माणसाचे तिथे खरोखर हाल होतात. भाषा येत नसताना ताप आला की काय होतं, ते मीही भोगलंय. आजारपणात वरणभातच लागतो, तिथे तत्त्वज्ञान चालत नाही. माझं भांडण त्या आठवणीशी नाहीच. माझं भांडण ‘आम्ही फार घरचे’ या ऐटीशी आहे. आणि ते का, ते आता सांगतो. हे मी आजवर इथे लिहिलं नव्हतं.

त्याच अकरा महिन्यांत एका रात्री बाबांचा फोन आला. आपण त्यांच्या साडेआठ तास पुढे, म्हणजे गडबला सकाळ. आमचं थोडं खारेपाटातलं शेत होतं. उधाणात बांधाला खांड गेली होती, खारं पाणी आत शिरलेलं. पूर्वी गाव मिळून खांड बांधायचं; आता माणसं कारखान्यात, रिक्षावर, आणि माझ्यासारखी आणखी कुठे. एक एजंट रोज येऊन बसत होता. बाबा म्हणाले, “काय करायचा ता सांग.”

मी विचारलं नाही की खांड केवढी आहे. विचारलं नाही की त्यांना काय वाटतं. माझी मीटिंग होती. म्हटलं, “विकून टाका बाबा, कोण करणार आता शेती?” तीन मिनिटांत फोन संपला. फोनकार्डावर पैसे शिल्लक होते.

त्याच रात्री जेवताना मी तिघांना आमच्या घरच्या लालसर राता तांदळाच्या भाकरीचं कौतुक सांगितलं. अगदी डोळ्यांत पाणी आणून.

विकणं चूकच होतं, असं मी म्हणत नाही. बाबांचे गुडघे गेले होते, मी परत जाऊन नांगर धरणार नव्हतो. पण चार प्रश्न तरी विचारायचे होते. आता आई दुकानातलं पीठ आणते. भाकरी होते, पण तिला स्वतःलाच आवडत नाही. २०११ मध्ये हायवेचं चौपदरीकरण सुरू झालं, दहा वर्षं उलटली तरी संपेना, आणि आमच्या शेताकडची वाट कुठे वळायची तेही मला आता पटकन सांगता येत नाही.

म्हणून त्या यादीचा राग येतो. जो माणूस मोंटेव्हिदेओत आठ महिने कोपऱ्यावरचं दुकान बघत नाही, तोच माणूस गावी चार दिवस जाऊन मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. सवय एकच. तिकडे इकडचं नाही म्हणून बघायचं नाही, आणि इकडे सगळं माहितीच आहे म्हणून बघायचं नाही. मधल्या मधे घर म्हणजे बॅगेतला तेवीस किलोंचा ऐवज.

असो. त्या पोराला मी सांगितलं: कुकर ने, रिंगा दोन ने, डाळही ने. पण पहिल्याच रविवारी त्रिस्तान नारवाहाला जा. आणि घरून कुणी काही विचारायला फोन केला तर मीटिंग सोड.

तो म्हणाला, “ओके सर, पण डाळ किती किलो?”