कोयत्याचे नाव काय?

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाने काय सांगायचे, हे आपल्या समाजात आता ठरून गेले आहे. रस्ते कसे आरशासारखे, दुकाने केवढी मोठी, आणि शेवटी ‘पण आपल्याकडचा जिव्हाळा तिथे नाही हो’ असे म्हणून दुसऱ्यांदा पोहे मागून घ्यायचे. मी २०२४ च्या मे महिन्यात, शाळेच्या सुट्टीत, धाकट्या बहिणीकडे फ्लोरिडात तीन आठवडे राहून आलो. रीतीप्रमाणे गावाने मला पारावर बसवले आणि विचारले, ‘मास्तर, काय पाहिलं?’ मी म्हणालो, ‘दारूचा एक गुत्ता पाहिला.’ लोक हसले. दोघातिघांनी माझ्या माळकरी आईची आठवण होऊन जीभ चावली. त्या गुत्त्यात मला जे कळले ते पाराला सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो आहे. फराळाचे ताट पुढे घेऊन वाचणाऱ्यांना ते थोडे बोचेल. बोचावे, अशीच माझी इच्छा आहे.

ऑरलँडो शहराजवळ एपकॉट नावाचे एक भलेमोठे करमणूक-उद्यान आहे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ते उघडले. त्यातल्या एका तळ्याभोवती अकरा देश मांडले आहेत. आपल्याकडे गणपतीपुढे देखावे मांडतात, तसेच; फक्त या देखाव्याला अनंत चतुर्दशी नाही, तो बारा महिने चालतो. मेक्सिकोपासून निघावे आणि नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली असे करीत कॅनडाला पोहोचावे. संध्याकाळपर्यंत पाय भरून येतात आणि जग पाहून होते. माझा भाचा बोटे मोजीत म्हणाला, ‘मामा, आज अकरा देश झाले!’ मला चारधाम करून आलेल्या आमच्या सरपंचांची आठवण झाली.

त्यातला मेक्सिको बाहेरून जुन्या पिरॅमिडसारखा दिसतो. आत शिरले, की बाहेर दुपारचे ऊन रणरणत असताना एकदम तिन्हीसांजा होतात. तिथे आकाश रंगवलेले आहे आणि दूरवरचा ज्वालामुखीही रंगवलेलाच. खाली बाजार भरलेला, पलीकडे काळ्या पाण्यातून होड्या चाललेल्या. बहीण भाच्याला घेऊन होडीच्या रांगेत गेली. जाताना दाजींकडे एक नजर टाकून माझ्या कानाशी म्हणाली, ‘दादा, आईला सांगू नकोस हं.’ कारण बाजाराच्या कडेला, २००९ साली उघडलेली, टकीला नावाच्या मेक्सिकन दारूची एक चिमुकली कोठडी आहे, आणि दाजींचा मोर्चा तिकडे वळला होता.

चिमुकली म्हणजे खरोखरच चिमुकली. पंचवीस-तीस माणसे बसली की भरली. मंद उजेड, थोडीशी मेजे, आणि भिंतीशी बाटल्याच बाटल्या. आमच्या राज्यात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो. १९४९ चा तो दारूबंदीचा कायदा नाव बदलून आजही जिवंत आहे, आणि तो किती पाळला जातो हे मी वाचकांना सांगायला नको. माझ्याकडे परवाना नव्हता, इच्छाही नव्हती. दाजींसमोर तीन लहान पेले आले. एक पाण्यासारखा पांढरा, दुसरा गवती रंगाचा, तिसरा मधासारखा. पहिल्यातला एक घोट मी घेतला, हे इथे कबूल करतो. ओल्या गवताची आणि मिऱ्यांची चव एकदम नाकात गेली. दुसरा घोट घेतला नाही.

पेले मांडणारा तरुण मेक्सिकोचाच होता. या उद्यानात त्या त्या देशाच्या देखाव्यात त्या त्या देशाची मुले कामाला आणतात. त्याच्या छातीवर एक पट्टी होती आणि तिच्यावर त्याचे नाव होते, खाली गावाचे नाव. रंगवलेल्या आकाशाखाली ती एक गोष्ट मला खरी वाटली. गर्दी जरा ओसरली होती, म्हणून की काय, तो बोलू लागला. दाजी मराठी करून सांगत होते.

त्याने एका बाटलीवरचे चित्र दाखवले. लांब टोकदार पानांचा झुडुपा आणि त्याच्यावर वाकलेला एक माणूस. झाड पाहताच मी म्हणालो, ‘अहो, हे तर आपले घायपात!’ आमच्या बांधाबांधांवर उभे असते, त्याचा वाख काढून दोर वळतात, त्याच कुळातले हे; हे मात्र निळसर रंगाचे. सहा-सात वर्षे, कधी त्याहून अधिक, ते जमिनीत वाढू द्यायचे. फुलाचा दांडा वर येऊ लागला की छाटून टाकायचा, म्हणजे गोडवा गड्ड्यात राहतो. मग तो गडी येतो, पाने सपासप उतरवतो आणि अननसासारखा दिसणारा गड्डा मोकळा करतो. एकेक गड्डा चाळीस-पन्नास किलोंचा, कधी त्याहूनही जड. तो भाजायचा, पिळायचा, रस आंबवायचा आणि दोनदा गाळायचा. त्या गड्याला तिकडे हिमादोर म्हणतात. पोराने दोन्ही हातांत लांब दांड्याचे हत्यार धरल्याचा अभिनय करून दाखवला. खांदा कसा फिरतो, कंबर कुठे वाकते, पाय पात्यापासून किती दूर ठेवायचा, हे मला दाजींच्या मराठीवाचून कळले. मी विचारले, ‘हत्याराला काय म्हणतात?’

तो म्हणाला, ‘कोआ.’

मी म्हणालो, ‘आमच्याकडे कोयता.’

आता थोडे माझ्याविषयी सांगणे भाग आहे. माझे आईवडील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले ऊसतोड कामगार. बावीस हंगाम ते दिवाळीच्या सुमाराला घर बंद करून कारखान्यावर गेले आणि उन्हाळ्यात परत आले. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून जी जोडी होते तिला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. त्याच्या वहीत माझ्या वडिलांचे नाव असे, त्यापुढे उचलीची रक्कम, आणि त्यापुढे ‘कोयता १’. पहाटे थंडीत पाचटात शिरून ऊस साळणारी, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी, आणि रात्री कोपीत येऊन तीन दगडांवर भाकरी थापणारी माझी आई त्या वहीत कुठेच नव्हती. आम्हा भावंडांपैकी बहीण वसतिगृहात राहून शिकली म्हणून आज फ्लोरिडात आहे. मी पाचटावर खेळत अर्ध्या इयत्ता काढल्या, कसाबसा मॅट्रिक झालो, आणि वस्तीशाळा निघाली तेव्हा तिच्यावर लागलो.

म्हणून त्या बाटलीवरचे चित्र पाहून माझ्या पोटात कालवले. टकीला हे हालिस्को प्रांतातल्या एका गावाचे नाव. १९७४ साली मेक्सिकोने कायदा करून ते नाव राखले. हालिस्को आणि इतर चार प्रांतांतले काही तालुके सोडले, तर जगात कुठेही बनलेल्या दारूला ते लावता येत नाही. प्रत्येक बाटलीवर एक चार आकडी क्रमांक असतो. त्यावरून ती कोणत्या भट्टीतून आली हे कळते. २००६ साली त्या घायपाताच्या शेतांना आणि जुन्या भट्ट्यांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. म्हणजे ज्या शिवारात कोआ चालतो ते शिवार ताजमहालाच्या पंगतीला बसले!

आणि त्या पोराने सांगितलेली शेवटची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. उंची टकीला निव्वळ घायपाताची असते आणि बाटलीवर तसे ठसठशीत लिहिलेले असते. स्वस्त टकीलेत मात्र घायपाताची साखर निदान एक्कावन्न टक्के असली की कायद्याला पुरते. उरलेली दुसरी चालते. ‘दुसरी म्हणजे कसली?’ मी विचारले. ‘बहुतेक उसाची,’ तो म्हणाला. त्या बाटलीवर उसाचे नाव लिहीत नाहीत.

सात समुद्र ओलांडून, पिरॅमिडाच्या पोटात, रंगवलेल्या आकाशाखाली बसलो, तर तिथेही ऊस भेटला, आणि तिथेही बिननावाचा!

यावर लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. पहिला म्हणेल, ‘मास्तर, बाटलीवरच्या चित्राने त्या हिमादोराचे पोट भरते काय?’ नाही भरत. तोही मोलाने राबतो. घायपाताचे भाव कधी आभाळाला भिडतात, कधी मातीमोल होतात, आणि उद्यानात पेला उचलणाऱ्याला त्याचा घाम दिसत नाही. हे सगळे खरे. पण ज्याचे चित्र काढले त्याच्याविषयी निदान विचारता तरी येते. मी विचारले, आणि एका पोराने दोन हातांनी उत्तर दिले. आमच्या साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते, हंगामाचे साल असते, दाण्याचा दर्जा असतो. ते पोते पाहून कोणत्या पोराने कोणाला काय विचारावे?

दुसरा म्हणेल, ‘उचल आधी देतात, कोणी जबरदस्ती करीत नाही.’ ज्याच्या शिवारात पाणी नाही त्याला जबरदस्ती करावी लागतच नाही. पाऊस ती परस्पर करतो. एक दिवस अंग दुखले म्हणून कोपीत पडून राहिले तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशीला समिती नेमली गेली. ऐन तरुण बायकांनी खाडा पडू नये म्हणून हा मार्ग धरावा, याला राजीखुशी म्हणायचे असेल तर मराठी भाषेत जबरदस्तीला दुसरा शब्द शोधावा लागेल.

तिसरे शिष्ट लोक म्हणतील, ‘दारूचे उदाहरण दिवाळीच्या अंकात शोभत नाही.’ महाराज, उसाच्या मळीपासूनच आपल्याकडची पुष्कळ दारू निघते, आणि त्याच उसाची साखर तुमच्या करंजीत आणि शंकरपाळ्यात आहे. एकाच मोळीतून आलेल्या दोन वस्तूंपैकी एक सोवळ्यातली आणि दुसरी ओवळ्यातली कशी ठरवता? आणि जिने ती मोळी डोक्यावर वाहिली, ती दोन्हीकडे सारखीच अदृश्य कशी?

मला साखरेच्या पोत्यावर चित्र नको आहे. चित्र काढणे सोपे. उद्या एखादा कारखाना हसऱ्या चेहऱ्याची तोडकरीण छापील आणि खाडा तसाच कापील. मला मुकादमाच्या वहीत दोन माणसांची दोन नावे हवी आहेत, आणि बाईच्या कामाचे पैसे बाईच्या हातात. ‘कोयता’ हा शब्द हत्यारापुरता ठेवावा. आणि पोरांसाठी गावातली हंगामी वसतिगृहे पहिल्या ट्रकच्या आधी उघडावीत. ट्रक गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहात खाटांशिवाय कोणी राहत नाही.

घरी परतल्यावर मी आईला सगळे सांगून टाकले, घोटासकट. तिने घोटाकडे दुर्लक्ष केले. कोआ कसा धरतात ते दोनदा करून दाखवायला लावले. मग विचारले, ‘त्या बाटलीवं बाईचं चित्र व्हतं का?’

मी पाहिलेल्या बाटल्या आठवल्या. ‘नव्हते,’ म्हणालो.

‘मंग तिथं बी अर्धाच हिशोब हाये,’ ती म्हणाली आणि जप करायला बसली.

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या शाळेत हजेरी होईल. तोवर निम्मा वर्ग कारखान्यांच्या वाटेला लागलेला असेल. जी पोरे गेली त्यांचीही नावे मी पहिल्या दिवशी मोठ्याने वाचतो. नियमात ते बसते की नाही याची मी चौकशी केलेली नाही. मागे राहिलेली पोरे एकेका नावाला उत्तर देतात: ‘गेला, सर.’ ‘गेली, सर.’ त्यांना प्रत्येकाचे नाव ठाऊक असते. कोण कोणत्या ट्रकमध्ये बसले, कोणाची शेळी कोणाकडे ठेवली, तेही ठाऊक असते. सात-आठ वर्षांच्या पोरांना जे जमते ते कारखान्याच्या कचेरीला, मुकादमाला आणि तुम्हा-आम्हाला का जमू नये, एवढेच मला विचारायचे आहे.