ग्रुपवर टाकले म्हणजे कळवले नव्हे



गेल्या काही वर्षांत आपल्या खात्यांमध्ये एक नवाच कायदा लागू झाला आहे. संसदेने तो केलेला नाही, त्यावर कोणाची सही नाही, पण अंमल मात्र कडक आहे. कायदा एका ओळीचा: ग्रुपवर टाकले म्हणजे कळवले. यंत्राने आपोआप पाठवलेला निरोप असो, नाहीतर साहेबांनी रात्री साडेअकराला पुढे ढकललेले पत्र असो, तो मोबाइलच्या ग्रुपवर पडला की वरचे हात झटकून मोकळे आणि खालचा जबाबदार! या कायद्याला आमचा विरोध आहे.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. एक सिग्नल मेंटेनर रात्रपाळी करून सकाळी घरी येऊन झोपला. रिले रूममधला डेटा लॉगर प्रत्येक रिलेची उठबस वेळेनिशी टिपतो आणि बिघाडाची चाहूल लागली की आपोआप निरोप पाठवतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्या दिवशी पाऊस. सगळ्या सेक्शनचे ट्रॅक सर्किट पाण्याने रडत होते आणि सगळ्या स्टेशनांचे निरोप एकाच ग्रुपवर धो धो कोसळत होते. त्या लोंढ्यात या गड्याच्या स्टेशनातल्या एका पॉइंटचाही निरोप होता. बदली मेंटेनरची जागा रिकामी. संध्याकाळी पॉइंट अडला, गाडी थांबली आणि दुसऱ्या दिवशी मेमो हजर: "संदेश सकाळी १०.४२ वाजता ग्रुपवर आला होता, आपण दखल का घेतली नाही याचा खुलासा करावा." आम्ही रोस्टर पुढे ठेवले. १०.४२ वाजता माणूस हक्काच्या रेस्टवर होता. कागद मिटला. मेमो काढणाऱ्याकडे मात्र कोणी खुलासा मागितला नाही.

ही ग्रुपवर यंत्राचे निरोप टाकण्याची रीत कोठून आली, याचा आम्ही शोध घेतला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. पण आपल्याच एका गँगमन बंधूचा मुलगा हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या कामावर आहे. त्याने आम्हाला बसवून समजावले.

त्यांच्याकडे एकच प्रोग्राम अनेक हात लिहितात. एकाने आपला बदल जमा केला की एक यंत्रणा सगळे तुकडे गोळा करून प्रोग्राम पुन्हा उभा करते आणि तपासून पाहते. याला ते 'बिल्ड' म्हणतात. आपल्या भाषेत, एक फिशप्लेट बदलली तरी सबंध सेक्शनवर ट्रॉली फिरवून यायचे. हे काम करणारे जेन्किन्स नावाचे साधन त्यांच्यात फार चालते, २०११ पर्यंत त्याचे नाव हडसन होते. बिल्ड मोडला की ही यंत्रणा टोळीच्या ग्रुपवर आपणहून निरोप टाकते. पूर्वी काही कचेऱ्यांत यासाठी चक्क लाल आणि हिरवा दिवा लावत असत. म्हणजे सिग्नल आपलाच, उसना नेलेला!

पुढचे ऐकण्यासारखे आहे. आरंभी पुष्कळ ठिकाणी प्रत्येक बिल्डचा निरोप ग्रुपवर येई, पास झाला तरी आणि नापास झाला तरी. ग्रुप हिरव्या खुणांनी भरून गेला, लोकांनी पाहणे सोडले आणि त्यातच लाल खूण बुडाली. मग शहाण्या टोळ्यांनी ठरवले की, मोडले तर सांगा आणि दुरुस्त झाले की एकदा सांगा, मधे गप्प बसा. निरोपात कोणाचा बदल होता, कोठे अडले आणि नोंद कोठे पाहायची, हे असलेच पाहिजे. निरोप पाहायला पाळीपाळीने एक माणूस नेमायचा. आणि जी तपासणी विनाकारण कधी पास, कधी नापास होते, ती आधी दुरुस्त करायची किंवा काढून टाकायची. कारण दहा वेळा 'लांडगा आला रे' ऐकल्यावर अकराव्यांदा कोणी उठत नाही. पावसाळ्यातला ट्रॅक सर्किट ज्याने सांभाळला आहे, त्याला हे निराळे सांगायला नको.

आता विचारा, आपल्या साहेबलोकांनी यातले काय उचलले? नेमलेला माणूस नाही, निरोप गाळून घेणे नाही, खोट्या इशाऱ्यांचा बंदोबस्त नाही. उचलला तो फक्त निरोप ओतणारा नळ.

आणि हे शहाणपण बाहेरून आणायची गरजच नव्हती! ते रेल्वेच्या आणि टपालाच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. ब्लॉक उपकरणावर एका मास्तराने ठोका दिला की पलीकडच्याने तो परत द्यायचा, तेव्हा कुठे तो ऐकला असे धरतात. गेटमन आणि मास्तर फोनवर बोलले तरी प्रायव्हेट नंबरची देवघेव होते आणि तो वहीत चढतो. टपालातले रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले, पण पोचपावतीवर सही कोणाची, हे पोस्टमन आजही पाहतो. पत्र वाड्याच्या दिंडीत फेकून 'पोचले' असे लिहिणाऱ्या पोस्टमनला खाते काय शिक्षा करील? मग तीच गोष्ट साहेबाने मोबाइलवर केली की ती कार्यक्षमता कशी होते?

आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत, अशी हाकाटी होईल. नाही. आमच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी एके काळी संगणकाला विरोध केला, आणि त्यांची नोकरकपातीची भीती सगळीच खोटी नव्हती. तरीही १९८६ नंतर आरक्षणाच्या खिडकीवरची जाडजूड रजिस्टरे गेली, याचे दुःख कोणा बुकिंग क्लार्कला झालेले आम्ही पाहिले नाही. याच डेटा लॉगरच्या नोंदीमुळे निर्दोष सुटलेले स्टेशन मास्तरही आम्हाला माहीत आहेत. भांडण यंत्राशी नाही. यंत्राच्या आडून रिकाम्या जागा झाकणाऱ्याशी आहे. डेटा लॉगर बिघाड सांगतो, पाना घेऊन जात नाही.

साहेब म्हणतात, हा सुरक्षेचा प्रश्न आहे, रेस्ट संपायची वाट पाहता येत नाही. अगदी बरोबर! म्हणूनच ड्युटीवरच्या माणसाला फोन करा, त्याचे नाव आणि वेळ फेल्युअर रजिस्टरात लिहा. ड्युटीवर माणूसच नसेल तर ती जागा भरा. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १३३ प्रमाणे 'कंटिन्युअस' वर्गातल्या कामगाराला आठवड्यातून सलग किमान ३० तास विश्रांती मिळालीच पाहिजे. उशाशी दर पाच मिनिटांनी फोन वाजत असेल, तर ते तास सलग कसे? फोनही बहुतेकांचा स्वतःचा, रिचार्जही स्वतःचा. ज्यांना खात्याचे सीयूजी सिम आहे त्यांची तऱ्हा फार वेगळी नाही. आणि हुबळी, सिकंदराबाद, इटारसीकडच्या आमच्या मराठी ट्रॅकमन बंधूंनी तो इंग्रजी आद्याक्षरांचा निरोप कोणाकडून वाचून घ्यायचा?

कामाबाहेरच्या वेळी फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले, त्याचा कायदा झाला नाही. हिंजवडीच्या त्या पोरालाही रात्री फोन वाजला की उठावे लागते. गँगमनचा मुलगा वातानुकूलित कचेरीत गेला, झोप मात्र बापाइतकीच मोडते!

आमचे मागणे मोठे नाही. ग्रुपवरच्या निरोपाला आदेशाचा दर्जा देऊ नये, आणि रेस्टवरील कामगाराने तो पाहिला नाही म्हणून एसएफ-११ काढू नये. यंत्राचा इशारा ड्युटीवरील नावाच्या माणसाकडे जावा, त्याने पोच द्यावी, आणि पोच आली नाही तर निरोप पाठवणाऱ्याने स्वतः फोन उचलावा. पोच न घेणाऱ्यावरही जबाबदारी येऊ द्या, मग ग्रुप आपोआप शांत होतील.

सर्व शाखा सचिवांना विनंती आहे की, ग्रुपवरील निरोपाचा आधार घेऊन निघालेल्या प्रत्येक मेमोची नक्कल, त्या दिवसाचे रोस्टर आणि निरोपाची वेळ दिसेल असा फोनचा फोटो आमच्याकडे पाठवावा. रेस्टची वेळ लाल शाईने अधोरेखित करावी. टपालातील बंधूंनी आपली प्रकरणे वेगळ्या पाकिटात पाठवावीत, आणि पाकीट पोचपावतीसह पाठवावे.