घरी घडवलेली कर्णभूषणे : हातांना काम, कानांना सांभाळ



रक्तदाब तपासून घेण्यासाठी माझ्या दवाखान्यात नियमाने येणाऱ्या एक आजी आहेत. वय ७३. यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांची तक्रार एकच असे : ‘डॉक्टर, दिवस सरत नाही हो.’ त्या झोपेच्या गोळ्या मागत आणि मी ते टाळीत असे. मग एके दिवशी त्या आल्या त्या कानांत तांबड्या मण्यांची, तारेने बांधलेली कर्णभूषणे घालून. नातीने पक्कड, तारेचे वेटोळे आणि मणी आणून दिले होते, आणि आजींची दुपार त्यांत जाऊ लागली होती. त्या दिवशी गोळ्यांचा विषय निघाला नाही.

तीन महिन्यांनी नात आली. दोन्ही कानांच्या पाळ्या लाल झालेल्या, खाज असह्य, भोकांतून लस येत होती. जंतुसंसर्ग समजून मी मलम दिले. दहा दिवसांनी ती पुन्हा आली. मी मलम बदलले. जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, तो मी तिसऱ्या खेपेस विचारला : ‘कानांत काय घालतेस?’ ती म्हणाली, ‘आजीने केलेलेच. रोज.’ तार कशाची, तर जर्मन सिल्व्हरची.

निदान झाले, पण तोवर घरात निराळेच घडले होते. आजींनी सारे साहित्य कपाटात बंद करून टाकले होते. ‘माझ्या हाताने पोरीचे कान नासले,’ असे त्या म्हणत. दोष त्यांच्या हातांचा नव्हता, तारेचा होता. आणि तो उशिरा ओळखण्याचा दोष माझा. म्हणून हा विषय आज आपल्यापुढे मांडत आहे.

नावात चांदी, अंगात निकेल

जर्मन सिल्व्हर या धातूत चांदीचा अंशही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण. दिसायला चांदीसारखे, वाकवायला सोपे आणि स्वस्त. म्हणून ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यांतही ते पुष्कळ आढळते. घामाने त्यातील निकेलचे कण सुटतात व त्वचेत शिरतात. काही जणांची प्रतिकारशक्ती या कणांना शत्रू मानते. एकदा ही ओळख पटली, की ती बहुधा आयुष्यभर टिकते; मग पुढे प्रत्येक वेळी निकेलचा स्पर्श झाल्यानंतर एक ते तीन दिवसांनी त्वचा लाल होते, खाजते, लस सोडते. टोचलेल्या भोकात धातू थेट आतल्या त्वचेला भिडतो, म्हणून ही कटकट बहुतेकदा कानांपासून सुरू होते. तीच तार आजींना मानवली आणि नातीला नाही, याचे कारण एवढेच, की सर्वांच्या शरीरात ही ओळख निर्माण होत नाही.

संसर्ग आणि ॲलर्जी यांतील फरक घरीही ओळखता येतो. ॲलर्जीत खाज प्रमुख असते आणि बहुधा दोन्ही कानांना त्रास होतो. संसर्गात ठणका, उष्णता आणि पिवळा पू असतो, आणि अनेकदा एकच कान धरलेला असतो. घड्याळाच्या पट्ट्याखाली, सेफ्टी पिनेच्या जागी किंवा पँटच्या बटणाखाली, बेंबीजवळ, पूर्वी कधी चट्टा उठला असेल तर संशय अधिक बळावतो. मनाने कोणतेही मलम लावू नये. काही प्रतिजैविक मलमांतील निओमायसिनचीच अनेकांना ॲलर्जी असते, आणि दुखणे दुप्पट होते.

लोहचुंबक लावून निकेल ओळखता येत नाही. जर्मन सिल्व्हर चुंबकाला चिकटत नाही, तरी त्यात निकेल भरपूर असते. मुलामा दिलेल्या तारेवरही विसंबू नये. आकडा भोकात घासून मुलामा उडतो आणि आतला धातू उघडा पडतो. युरोपीय संघात टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल सुटता कामा नये असा नियम आहे. एवढ्याशा मात्रेचीही दखल घ्यावी लागते, हे यावरून ध्यानात यावे.

तार कोणती घ्यावी?

एक सोपा नियम सांगते. कानाच्या भोकात जाणारा आकडा उत्तम धातूचा असावा. खाली लोंबणारा भाग हौसेचा असला तरी चालेल. आकड्यासाठी सोनाराकडून ९२.५ टक्के शुद्धतेची चांदीची तार घ्यावी आणि त्यात निकेल नाही ना, हे विचारून घ्यावे. मण्यांच्या बांधणीसाठी तांब्याची किंवा पितळेची तार पुरते. तांब्याने त्वचेवर हिरवट डाग पडतो, तो धुतल्यावर जातो.

तार मागताना मिलीमीटर सांगावे, गेज नव्हे. कारण गेज मोजण्याच्या पद्धती एकाहून अधिक असल्याने एकाच क्रमांकाची जाडी वेगळी निघते. आकड्याला ०.८ मिलीमीटर, मणी बांधायला ०.५ मिलीमीटर. एका आकड्यास ५ सेंटिमीटर तार लागते, म्हणजे दोन्ही आकड्यांना मिळून साधारण अर्धा ग्रॅम चांदी. एवढ्यासाठी काटकसर करून नातवंडांचे कान पणाला लावू नयेत.

कृती

मोत्यांची कुडी किंवा नथ जवळून पाहिली असेल, तर तारेत मोती गाठवण्याची ही कला आपल्या परिचयाची आहे. लागणारी हत्यारे चारच : गोल टोकाची पक्कड, चपट्या टोकाची पक्कड, तार कापण्याचे कटर आणि बारीक कानस.

चांदीच्या तारेचे ५ सेंटिमीटरचे दोन तुकडे एकदमच कापावेत, म्हणजे जोडी सारखी होते. प्रत्येकाच्या एका टोकाला गोल पकडीने लहान कडी वळवावी. मग दोन्ही तारा एकाच जाड पेनाभोवती वाकवाव्यात. कानात जाणारे टोक कानशीने गोलसर घासावे आणि कापसावरून फिरवून पाहावे. कापसाचा एकही धागा अडकला, तर ते अजून खरखरीत आहे. वयपरत्वे पातळ झालेल्या त्वचेला असे टोक आतून ओरखडते, म्हणून ही परीक्षा कधीही गाळू नये.

आता ०.५ मिलीमीटर तारेचा ८ ते १० सेंटिमीटर तुकडा घ्यावा. खालच्या टोकाला बारीक वेटोळे करून मणी ओवावा. मण्याच्या वर कडी वळवून उरलेली तार कडीच्या मुळाशी दोन-तीन वेढे देऊन गुंडाळावी, उरलेली कापावी आणि टोक पकडीने आत दाबावे. शेवटी आकड्याची कडी उघडून त्यात मणी अडकवावा. कडी उघडताना तिची टोके पुढे-मागे सरकवावीत. दोन बाजूंना फाकवली तर गोलाई बिघडते आणि कडी लवकर तुटते.

डाग देण्याचे काम, म्हणजे सोल्डरिंग, घरी करू नये. साध्या सोल्डरमध्ये शिसे असू शकते, तर काही चांदीच्या डागात कॅडमियम असते आणि त्याचा धूर फुप्फुसांना अत्यंत घातक असतो. तारेचे वेढे देऊन सारे काम थंडपणे होते, हाच या कलेचा गुण आहे.

हात, डोळे आणि पाय

पकडीची चिमूट दाबताना अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर बोटांच्या टोकापेक्षा कितीतरी पटींनी अधिक भार येतो, आणि उतारवयात झिजणाऱ्या सांध्यांपैकी तो एक आहे. म्हणून स्प्रिंगची, जाड मुठीची पक्कड घ्यावी. तिच्या दांड्यांवर कापडाची पट्टी गुंडाळली तरी फरक पडतो. वीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती. अंगठ्याच्या मुळाशी दुखणे दुसऱ्या दिवशीही उरले, रात्री बोटे बधिर झाली किंवा बोट वाकून अडकू लागले, तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. या छंदाने संधिवात बरा होतो असे मी म्हणणार नाही; हात हलते राहतात आणि दिवसाला आकार येतो, एवढे मात्र मी पाहिले आहे.

कापलेला तुकडा गोळीसारखा उडतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत हे काम करू नये, आणि एरवीही चष्मा लावूनच करावे. कापताना टोक खाली धरून त्यावर दुसरा हात आडवा ठेवावा. डोळ्यात कण गेला तर चोळू नये. तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

मधुमेहींना विशेष विनंती. ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना जमिनीवर पडलेला तारेचा तुकडा रुतल्याचे कळतही नाही, आणि त्यातून चिघळलेल्या जखमा मी पाहिल्या आहेत. काठ असलेल्या ताटात पांढरे कापड अंथरून त्यावरच काम करावे. उठण्यापूर्वी जमीन ओल्या कापसाने टिपून घ्यावी आणि घरातही चपला घालाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर टोचल्यावर ती जागा स्वच्छ धुऊन दहा मिनिटे सलग दाबून धरावी. धनुर्वाताची लस दहा वर्षांत झाली नसेल, तर घेऊन टाकावी.

पाळीचा विचार

कानाच्या पाळीत कूर्चा नसते, केवळ त्वचा व चरबी. वर्षानुवर्षांच्या जड दागिन्यांनी भोक ओघळते आणि एक दिवस पाळी फाटते. हल्लीचे एक रुपयाचे नाणे तीन ते चार ग्रॅमचे असते. एका कानातले त्याहून जड नसावे, असा माझा सल्ला आहे. घडवलेला आकडा प्रथम घालण्यापूर्वी स्पिरिटने पुसावा, रात्री काढून ठेवावा. भोक ओघळले असेल, तर स्थानिक भूल देऊन छोट्या शस्त्रक्रियेने ते नीट करता येते. बुगडीच्या जागी मात्र कूर्चा असते. तिथे ठणका आणि सूज आली, तर एक दिवसही थांबू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

हात कापत असतील तर कोपरे टेबलावर टेकवून, मोठे मणी आणि किंचित जाड तार द्यावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला पक्कड आणि कटर देऊ नये. मणी रंगांनुसार वेगळे करण्याचे काम जवळ बसून द्यावे. मणी तोंडात किंवा नाकात जाऊ शकतात, म्हणून ते आधी व नंतर मोजावेत. लहान नातवंडे घरात असतील, तर हाच नियम त्यांनाही लागू. आणि एक सांगते : झालेली वस्तू वाकडी असली, तरी ती आपल्या हाताने सरळ करून देऊ नये.

त्या नातीचे पुढे काय झाले? तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. जर्मन सिल्व्हर बंद झाले, थोडे दिवस मलम लावले आणि सुमारे तीन आठवड्यांत पाळ्या पूर्ववत झाल्या. आजींना मी बोलावून घेतले आणि माझी चूक आधी सांगितली, तारेची नंतर. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे नुसता आकडा बदलायचा होता?’ पुढच्या भेटीत कपाट उघडल्याचे त्यांनी सांगितले. आता त्यांची तक्रार अशी, की वीस मिनिटांचा नियम फार कडक आहे. तो मी सैल केलेला नाही.

आज सायंकाळी आपल्या घरातील दागिन्यांचा डबा उघडावा. कानात जाणारा प्रत्येक आकडा कशाचा आहे, हे माहीत नसेल तर तो बाजूला काढावा. दागिना टाकून द्यायचे कारण नाही. आकडा तेवढा बदलावा, आणि तो स्वतःच्या हाताने बदलला तर अधिक चांगले.